पुष्पकची काच

जगात तीन गोष्टी कधीच खराब होत नाहीत, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगत असे : मध, सोनं आणि फरशीचं अमेरिकन पॉलिश. पैकी मधाला आमच्याकडे एका उन्हाळ्यात मुंग्या लागल्या, आणि सोन्याविषयी मत बनवण्याइतकं सोनं घरात कधी आलं नाही. उरलं पॉलिश. त्याची एक बाटली माझ्याकडे होती आणि तेवढ्या भांडवलावर सोलापुरातल्या दोन माणसांनी मला बारा वर्षं मान दिला.

त्या बुधवारी संध्याकाळी त्या दोघांपैकी एकाने बाटली दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "सर, हे मेलंय."

"मेलं नाही. मुरलंय."

"लोणचं आहे का मुरायला? रंग बघा की ओ. कमी दुधाचा चहा झालाय निव्वळ."

हा फारूक अत्तार. अक्कलकोट रोडला त्याचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं, आणि त्याच्या मागच्या खोलीत आमचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे मी, फारूक आणि बिराजदारकाका. तिघं मिळून आम्ही प्लास्टिकची छोटी विमानं बनवत असू. एक जण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, एक गॅरेजवाला आणि एक बंद गिरणीतला मेकॅनिक, असे तीन घोडे आठवड्यातून दोनदा खेळण्यांशी बसतात, हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती. म्हणून आम्ही त्यांना 'प्रतिकृती' म्हणायचो. माझी बायको सुलभा 'खेळणी'च म्हणायची.

आता पॉलिशविषयी. ते म्हणजे पाण्यासारखं पातळ, पारदर्शक ॲक्रिलिक. अमेरिकेतल्या बायका ते फरशीला लावत. विमानं बनवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं, की विमानाची नखाएवढी काच त्यात बुडवून काढली की तिच्यावरचे ओरखडे बुजतात आणि काच बसवलीच नसावी इतकी ती स्वच्छ दिसते. पुढे ते पॉलिश बनवणाऱ्यांनी बनवायचं बंद केलं आणि ज्याच्याकडे बाटली तो सरदार, अशी परिस्थिती आली. मी ती नव्याण्णव साली अमेरिकेतल्या मेहुण्याकडून मागवली होती. साता समुद्रापलीकडून माणूस फरशी पुसायचं औषध मागवतो, याचा त्याच्यावर असा परिणाम झाला की आजही तो आमच्या घरात चपला चार फूट अलीकडे काढतो.

"काका, तुम्ही बोला," फारूक म्हणाला. "चालेल का हे?"

बिराजदारकाका रंगाच्या उपड्या डब्यावर बसले होते. तळहातावर विमानाची समोरची काच होती आणि ती धुक्यातल्या खिडकीसारखी पांढरी झाली होती. त्यांनी बाटलीकडे बघितलंच नाही.

"पुन्हा झालं," ते म्हणाले.

"पुन्हा म्हणजे? आधी कधी झालं होतं?"

"काही नाही."

घडलं होतं ते असं. काका चार वर्षं एकच विमान बनवत होते. 'पुष्पक' नावाचं दोन माणसांचं जुनं, हलकं विमान, पूर्वी फ्लाइंग क्लबांमध्ये शिकण्यासाठी असायचं तसलं. त्याचं तयार किट कुठेच मिळत नसल्याने त्यांनी ते पत्रा, बाल्सा लाकूड आणि रेशमी कापड यांतून शून्यापासून उभं केलं होतं. काच नव्या शर्टाच्या खोक्यातल्या पारदर्शक प्लास्टिकची. लाकडी साच्यावर ते प्लास्टिक मेणबत्तीने ऊब देऊन ओढायचं. अशा सोळा काचा केल्या, त्यांतली एक जमली होती. विमान कुणासाठी, असं विचारलं की काका म्हणायचे, "होईल तेव्हा होईल." ही काही उत्तराची पद्धत नव्हे, पण गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला आम्ही उत्तराच्या पद्धती काय शिकवणार?

मग सोमवारी ते माझा चिमटा परत द्यायला घरी आले. टेबलावर आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका पडली होती. ती त्यांनी चष्मा वर करून, खाली करून, पुन्हा वर करून वाचली आणि खुर्चीत बसले. सुलभाला म्हणाले, "वहिनी, पाणी द्या जरा."

पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं : श्रीमती शैलजा टिपणीस, निवृत्त बँक अधिकारी. खाली बारीक अक्षरात, 'विमानचालनाचं शिक्षण घेतलेल्या त्यांच्या जिल्ह्यातील पहिल्या युवती'. ही ओळ आमच्या प्राचार्यांनी खास घालायला लावली होती. बँकेच्या माणसाला ऐकायला पोरं येत नाहीत.

"या रविवारी येणार?" काकांनी विचारलं.

"रविवारी. बक्षीस समारंभ झाला की जेवायला इथेच आहेत. का हो?"

"सर, मला पाच मिनिटं भेटवा. विमान द्यायचंय त्यांना."

चार वर्षं 'होईल तेव्हा होईल' म्हणणारा माणूस त्या दिवसापासून घाईला आला. मंगळवारी त्यांनी काच बसवायला घेतली आणि आयुष्यात कधी न वापरलेला झटपट गोंद वापरला. वर धूळ नको म्हणून विमान डब्यात झाकून ठेवलं. त्या गोंदाची वाफ कोंडली की काचेवर पांढरी साय धरते, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. बुधवारी सकाळी डबा उघडला, तर काचेला मोतीबिंदू.

रविवार चार दिवसांवर होता. सतरावी काच ओढून जमेलच, याची खात्री नव्हती.

"माझ्याकडचा क्लिअर मारू का?" फारूक म्हणाला. "गाडीला मारतो तोच. एकदम आरसा."

"थिनर नको!"

काका ओरडले. मी त्यांना बारा वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. गॅरेजमधल्या पोरांनीसुद्धा सँडिंग थांबवलं.

"त्यात थिनर असतं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "काचेला थिनर नको."

"नको तर नको," फारूक म्हणाला. "पण असं ओरडू नका काका. थिनरवर माझं घर चालतं."

म्हणजे उरली माझी बाटली. पॉलिशमध्ये बुडवलं की ती पांढरी साय नाहीशी होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण काका आजवर त्या बाटलीला कधी शिवले नव्हते. त्यांना तारखांचं भारी वेड होतं. रंगाची डबी असो, गोंद असो, घरातलं खोबरेल असो, प्रत्येक गोष्टीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर 'उघडलं दि.' मुदत संपली त्या दिवशी वस्तू कचऱ्यात. अर्धी भरलेली असली तरी. "मुदत संपलेलं विमानाला लावत नसतात," असं ते म्हणायचे. ही गिरणीतली शिस्त असावी, असा आमचा समज होता. माझी बाटली उघडून दहा वर्षं झाली होती आणि तिच्यावर तारीख छापलेलीच नव्हती.

"कंपनीने मुदत का दिली नाही?" काकांनी विचारलं.

"फरशीला लावायचं होतं ओ ते," मी म्हणालो. "फरशी कुठे तक्रार करणार?"

काका हसले नाहीत. त्यांनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "झोंबतंय अजून," ते म्हणाले. "अमोनिया उडाला नाही. जीव आहे."

"बघ," मी फारूकला म्हणालो.

"जीव आमच्या आजोबांनापण होता शेवटपर्यंत," फारूक म्हणाला. "विहिरीत उतरवलं नव्हतं त्यांना."

शेवटी चाचणी घ्यायची ठरली. आमच्यात चाचणी आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर घेतात. एक चमचा बाटलीतून थेट, दुसरा गाळून. गाळायला सुलभाची नायलॉनची जुनी ओढणी आणली. जुनी आहे हे माझं मत होतं. दोन्ही चमच्यांवर वाट्या पालथ्या घालून आम्ही घरी गेलो.

गुरुवारी बघितलं, तर पहिल्या चमच्यावर कण उठले होते, रव्याच्या लाडवावर उठतात तसे. दुसरा स्वच्छ होता. फक्त टोकाला, जिथे थेंब साचून वाळला होता, तिथे पिवळसर झाक.

"जाड बसलं तिथे पिवळं," फारूकने निकाल दिला. "खालचा थेंब टिपून घेतला, तर काही कळणार नाही. मी मान्य करतो. सर, तुमचा म्हातारा चालतोय."

मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं. काका चमचा घेऊन बाहेर उन्हात गेले आणि सूर्याकडे तोंड करून, चमचा डोळ्यासमोर धरून उभे राहिले. अक्कलकोट रोडवरून जाणारे लोक बघत होते.

"काका, झालं की," फारूकने हाक मारली.

"सावलीत सगळंच स्वच्छ दिसतं," काका म्हणाले. "उन्हात बघितलं पाहिजे. समोरच्या उन्हात."

ते आत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सूर्याकडे बघितल्यावर येतंच.

त्या दुपारी काका चहा सांगायला गेले, तेव्हा फारूक माझ्या कानाशी आला. "सर, केस सीरियस आहे."

"कसली?"

"बाईची. मी विचारलं काकांना, बाई कोण? म्हणाले, ओळखीच्या. किती ओळखीच्या? म्हणाले, बोललो नाही कधी. विचार करा! एक शब्द न बोलता चार वर्षं विमान. आपण बायकोला चार शब्द बोलून गजरा आणत नाही."

मलाही तसंच वाटत होतं, पण प्राध्यापकाने अशी गोष्ट आधी दुसऱ्याच्या तोंडून यायची वाट बघायची असते. "असेल," मी म्हणालो. "बिचारे एकटेच आहेत. काकू जाऊन सहा वर्षं झाली."

"मग केस काळे करायला सांगू?"

काका तेवढ्यात चहा घेऊन आले, आणि फारूकने खरोखरच सांगितलं. काका म्हणाले, "कशाला? त्यांनी मला ओळखायला नकोच आहे आधी." हे वाक्य आम्ही दोघांनी आपापल्या मगदुराप्रमाणे समजून घेतलं. दोघांचंही चुकलं.

शुक्रवारी काच बुडवायची होती. काकांनी ती धुऊन, कोरडी करून आणली होती. गाळलेलं पॉलिश उथळ वाटीत ओतलं. काकांनी चिमट्यात काच धरली आणि वाटीच्या वर नेली. तिथून परत मागे घेतली. हा माणूस दाढीच्या ब्लेडने शिवणीएवढी रेघ एका दमात कापायचा. त्यांनी चिमटा माझ्यापुढे केला.

"सर, बाटली तुमची, हात तुमचा."

मी काच बुडवली, तीनपर्यंत मोजून तिरकी बाहेर काढली, खालच्या कोपऱ्यातला थेंब कागदाच्या टोकाने टिपला. पांढरी साय ओली होताच विरली. काच पलीकडचा फारूक दाखवायला लागली, जसाच्या तसा, मिशांसकट. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो साधारण सात सेकंद टिकला.

"धागा," काका म्हणाले.

ओढणीचा एक तंतू काचेच्या बरोबर मधोमध पडला होता.

"कुठे? मला नाही दिसत," मी म्हणालो. दिसत होता.

"पायलटच्या नजरेसमोर आहे."

"काका, विमान दीड वीत आहे. त्यात पायलट नाही."

काकांचा चेहरा बुधवारसारखा झाला. फारूकने शेल्फवरून काच पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली काढली. "एवढं काय त्यात? अमोनिया आहे यात. हे मारलं की पॉलिश सगळं निघून जातं. खालची काच होती तशी. परत बुडवायचं."

"निघतं?"

"निघतं की."

"वाळलं, तरी?"

"वर्षाने काढा. निघतं. पॉलिशचा हाच तर फायदा आहे, आमच्या लॅकरसारखं नाही. केलं, आवडलं नाही, पुसलं."

काकांनी निळी बाटली घेऊन तिच्यावरची तारीख वाचली. मग म्हणाले, "चांगलं आहे," आणि माझ्या हातातून चिमटा काढून घेतला. निळ्या पाण्याने काच धुतली, साध्या पाण्याने धुतली, वाळू दिली. पॉलिश पुन्हा दोनदा गाळलं, या वेळी स्वतःच्या नव्या रुमालातून. आणि काच स्वतः बुडवली. एका दमात.

शनिवारी दुपारी बारा वाजता आम्ही तिघं गॅरेजबाहेर उभे राहून त्या काचेतून सूर्य बघत होतो. पाळीपाळीने. काचेत काही नव्हतं. दूध नाही, चहा नाही, धागा नाही. काकांनी ती साध्या पांढऱ्या गोंदाने विमानाला बसवली आणि वहीत तारीख टाकली.

रविवारी समारंभ वेळेत संपला, कारण आवाजाची यंत्रणा मध्येच बंद पडली. शैलजाबाई माझ्याबरोबर घरी आल्या. ठेंगण्या, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. सुलभाने शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली होती. बाई भाकरी मोडून आमटीत टाकत होत्या, तेव्हा काका आणि फारूक आले. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस होते तसेच पांढरे. हातात केकचं खोकं. फारूकने डोळ्यांनी मला 'आता बघा' असं सांगितलं.

"हे आमचे बिराजदारकाका," मी म्हणालो. "यांनी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय."

"माझ्यासाठी? आधी जेवा तरी."

"मी जेवून आलोय," काका म्हणाले. ते जेवले नव्हते. त्यांनी खोकं ताटाशेजारी ठेवलं आणि झाकण काढलं.

बाईंनी हात पुसले. विमान दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांपुढे धरलं आणि शेपटीवरचा नंबर एकेक अक्षर करून वाचला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे तर आमचंच. दाराच्या खालचं हे ठिगळसुद्धा! हे कुणाला माहीत असणार?"

"मी लावलं होतं," काका म्हणाले. "बाई, मी मल्लिनाथ. फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये, विमानं ठेवायचे तिथे मदतनीस होतो. तुम्हाला आठवणार नाही."

"मल्लू? उंच, काटकुळा? विमान धुवायचा तो?"

"काच पुसायचो."

फारूक माझ्याकडे वळला. त्याला गजऱ्याची दिशा चुकल्याचा वास आला असावा.

"त्र्याहत्तर साल," काका उभ्यानेच बोलू लागले. ते वाक्यं पाठ करून आले होते हे कळत होतं. "नोव्हेंबरचा रविवार. तुमचं पहिलं एकटीचं उड्डाण. आदल्या दिवशी काच खराब होती, चिलटं चिकटलेली, तेलाचे शिंतोडे. काचेच्या पॉलिशचा डबा होता, पण मुदत संपून तीन आठवडे झाले होते. मेहेंदळे इंजिनियर म्हणाले, मुदत संपलेलं विमानाला लावत नसतात. नवा डबा मुंबईहून येतोय, तोवर पाण्याने पूस. पाण्याने निघेना. तुमचे वडील येणार, पाहुणे येणार. काच चकाचक दिसावी म्हणून मी रंगाचं थिनर घेतलं. त्याच्यावर तारीखच नव्हती."

"बसा ना तुम्ही," सुलभा म्हणाली.

"सावलीत चांगली दिसली. सकाळी तुम्ही बसलात. विमान वळलं, ऊन समोर आलं आणि मी लांबून बघितलं, काच सगळी दूध झालेली. प्लास्टिकची काच ती, थिनरने आत बारीक तडे गेले होते. मी हात हलवला, थांबा म्हणून. तुम्हाला वाटलं, मी अच्छा करतोय." काका थांबले. "तुम्ही पण हात हलवलात."

आमटीवर साय धरत होती.

"उतरताना ज्वारीत घुसलात. पंखा मोडला. तुमचा हात मोडला. मी संध्याकाळच्या गाडीने पळालो. मग क्लबची माणसं दोनदा आमच्या गावाला आली, मल्लू कुठाय विचारत. आईने सांगितलं, माहीत नाही. पोलिसांत देतील म्हणून मी दोन वर्षं गावाकडे गेलो नाही. वडील वारले, तेव्हाही नाही. इथे गिरणीत लागलो. पुढे कुणीतरी सांगितलं की टिपणीसबाई परत कधी उडाल्याच नाहीत. ते माझ्यामुळे. एवढं सांगायचं होतं. काच आता स्वच्छ आहे. उन्हात बघितलीय."

आणि ते बसले.

बाईंनी विमान खाली ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"काच दुधाळ झाली होती, ते खरं," त्या म्हणाल्या. "उडताना घाबरले मी थोडी. पण उतरताना मी दाराची खिडकी उघडून मान बाहेर काढली. तसं सगळेच उतरायचे हो. त्या विमानाच्या काचेतून तशीही कुणाला धड जमीन दिसायची? मला सगळं लख्ख दिसत होतं."

"मग ज्वारीत?"

"कुत्रं होतं."

"कुत्रं?"

"काळं. धावपट्टीच्या मधोमध बसून खाजवत होतं. मी डावीकडे वळवलं. कुत्रं उठलंसुद्धा नाही."

काका म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्यावर दया करताय."

"तेहतीस वर्षं बँकेत तपासणी खात्याला होते मी. दया करते का, ते हाताखालच्यांना विचारा. कुत्र्याचं मी त्याच दिवशी लेखी दिलं होतं. डाव्या हाताने. उजवा प्लास्टरमध्ये होता."

"पण मग तुम्ही उडायचं सोडलंत ते?"

"सोडलं कुठे? फेब्रुवारीत हात बरा होऊन परत गेले. पेट्रोल मिळेना. तेव्हा सगळीकडेच भडकलं होतं. आठवड्याला एक तास, मग महिन्याला एक तास, जूनमध्ये क्लबलाच टाळं. वडील म्हणाले, बँकेची परीक्षा दे. दिली. पास झाले." त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, परत ठेवला. "वाईट वाटलं होतं. दोन-तीन वर्षं वाटलं. पण ते काही तुम्ही केलेलं नव्हतं."

सुटका झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मला माहीत होतं. दर मे महिन्यात निकालाच्या दिवशी मी तसे शंभर चेहरे बघतो. काकांचा तसा नव्हता. अडतीस वर्षं जीव लावून सांभाळलेली गाय दारात येऊन कुणी 'ही शेजाऱ्याची' म्हणून सोडून न्यावी आणि मागे नुसतं दावं हातात उरावं, तसे ते बसले होते. फारूकने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यांना तो जाणवला, असंही दिसलं नाही.

"पण माणसं आली होती," काका म्हणाले. आवाजात हट्ट होता, वर्गात शेवटचा मार्क मागणाऱ्या मुलासारखा. "दोनदा आली होती. एवढ्या लांब, एसटी बदलून. मी काही केलंच नव्हतं, तर मेहेंदळे साहेब मला शोधायला माणसं कशाला पाठवतील?"

बाईंनी आठवून बघितलं. मग त्यांना आठवलं.

"हँगरची किल्ली तुमच्या खिशात राहिली होती," त्या म्हणाल्या. "आठ दिवस वाट बघितली. मग कुलूप तोडलं."